परक्या यंत्राशी झालेले तह

दूर अंतरावरील संगणकाचा पडदा आपल्या मेजावर आणावा आणि त्याजवर येथूनच अंमल चालवावा, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, पुण्यातील एखाद्या कचेरीत रात्रपाळीस बसलेला अभियंता फ्रँकफुर्टमधील यंत्राची दुरुस्ती करतो यात नवल करण्यासारखे काही आहे, असे खुद्द त्यालाही वाटत नाही. त्याला नवल वाटते ते 'रिमोट लागत नाही' अशी तक्रार आली म्हणजे. ही तक्रार विशेषेकरून येते ती एका टोकास विंडोज आणि दुसऱ्या टोकास लिनक्स किंवा मॅक, अशा भिन्न कुळांच्या व भिन्न शिरस्त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सची गाठ पडते तेथे. सामान्य माणूस अशा प्रसंगी तारेला, वायफायला किंवा दैवाला दोष देऊन मोकळा होतो. परंतु या विद्येचा सहा दशकांच्या घरात पोहोचलेला इतिहास चाळून पाहिला, तर असे आढळते की तार बहुधा निर्दोष असते आणि दोष असतो तो तहनाम्यात: दोन परक्या यंत्रांनी परस्परांशी कोणत्या अटींवर बोलावे याविषयी जो करार पूर्वी कोणी तरी लिहून ठेवला, त्याच्या ज्या कलमात मोघमपणा राहिला, नेमका तेथेच पुढे वीस-वीस वर्षांनी बिघाड उद्भवलेला दिसतो.

दूरवरून गणकयंत्र चालविण्याचा पहिला जाहीर प्रयोग तसा सप्टेंबर १९४० मधला. डार्टमथ येथे भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिटाइपवरून न्यूयॉर्कमधील आपल्या यंत्रास उदाहरणे घातली आणि उत्तरे तेथल्या तेथे मागवून दाखविली. पण त्या प्रसंगी दोन्ही टोके एकाच घरची होती. तहाचा प्रश्नच उपस्थित होत नव्हता.

तो उपस्थित झाला २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहा वाजता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत प्राध्यापक क्लाइनरॉक यांच्या हाताखाली काम करणारा चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सिग्मा ७ या यंत्रापुढे बसला होता; सुमारे साडेपाचशे किलोमीटर उत्तरेस, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, बिल डुव्हाल हे एसडीएस ९४० या अगदी निराळ्या पद्धतीच्या यंत्राजवळ होते; आणि दोघांच्याही कानाला टेलिफोन होता, कारण अक्षर पोहोचले की नाही हे विचारण्यास दुसरा मार्ग नव्हता. क्लाइनने 'लॉगिन' हा शब्द टंकावयास आरंभ केला. 'एल' पोहोचल्याचा होकार आला, 'ओ' पोहोचल्याचाही आला, आणि 'जी' बरोबर पलीकडचे यंत्र कोसळले. कारण शोधता असे निष्पन्न झाले की, स्टॅनफर्डच्या यंत्रात येणारी अक्षरे क्षणभर साठविण्यासाठी जी जागा राखून ठेवली होती, ती सेकंदाला दहा अक्षरे टाकणाऱ्या मंद टंकयंत्रांच्या हिशेबाने आखलेली होती, आणि ही नवी तार तर हजारोंनी अक्षरे नेणारी. डुव्हाल यांनी ती जागा वाढविली, आणि तासाभरात जोडणी सुरळीत झाली. आरपानेट या नावाने पुढे विख्यात झालेल्या, आणि आजच्या इंटरनेटची जननी मानल्या गेलेल्या जाळ्यावरील पहिलाच व्यवहार हा अशा रीतीने दोन भिन्न ऑपरेटिंग सिस्टिम्समधील दूरस्थ जोडणीचा होता, आणि पहिला बिघाडही त्याच जोडणीचा. तार शाबूत होती. एका पक्षाने दुसऱ्याच्या वेगाविषयी जे गृहीत धरले होते ते मात्र चुकीचे होते.

यानंतर जो पहिला रीतसर तह झाला त्याचे नाव टेलनेट. त्याचा आरंभीचा मसुदा १९६९ सालचाच. पण मे १९८३ मध्ये पोस्टेल आणि रेनल्ड्स यांनी त्यास जे कायम रूप दिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. त्या वेळी निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे आणि निरनिराळ्या जातींचे टर्मिनल यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र करार लिहावयाचा म्हटले असते तर करारांचे दप्तर कधीच पुरे झाले नसते. म्हणून या लोकांनी एक युक्ती काढली: जगात कोठेही अस्तित्वात नसलेले असे एक काल्पनिक टर्मिनल त्यांनी कल्पिले, ज्याला एक साधा कळफलक आणि एक साधे छापयंत्र एवढेच अवयव होते, आणि असे ठरविले की, तारेवर उतरताना प्रत्येकाने आपली मायबोली बाजूस ठेवून या काल्पनिक टर्मिनलाच्या भाषेत बोलावे. याहून अधिक काही हवे असेल तर मागणी करावी. त्यासाठी 'मी करतो', 'मी करणार नाही', 'तू कर' आणि 'तू करू नकोस' अशी चार ठराविक वचने नेमून दिली. आणि दोघांची संमती होईपर्यंत नवी सवलत अमलात येऊ नये असा दंडक घातला. जी गोष्ट आधीच अमलात आहे तिला पुन्हा होकार देऊ नये, असाही एक नियम त्यात आहे. तो नसता तर दोन सौजन्यशील यंत्रे एकमेकांच्या होकाराला होकार देत अनंत काळ बसून राहिली असती! मसुदा लिहिणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची जाण असावी असे हे कलम वाचताना वाटते.

तरीही टेलनेटच्या अमदानीत जे बिघाड नित्याचे झाले, ते सारे या काल्पनिक टर्मिनलाच्या आणि खऱ्या यंत्रांच्या सांध्यावरचे होते. टंकलेले अक्षर पडद्यावर उमटवावयाचे ते जवळच्या यंत्राने की दूरच्या, याचा निकाल झाला नाही म्हणजे दोघेही ते उमटवीत आणि एका अक्षराची दोन होत. किंवा दोघेही दुसऱ्यावर विसंबत आणि पडदा कोरा राही. ओळ संपल्याची खूण तर तिघांची तीन प्रकारची. डॉस व पुढे विंडोज यांनी टंकयंत्राच्या जुन्या चालीप्रमाणे 'डावीकडे परत ये' आणि 'एक ओळ खाली सरक' अशी दोन चिन्हे ठेवली, युनिक्सने केवळ दुसरे ठेवले, आणि जुन्या मॅकिंटॉशने केवळ पहिले. ज्याला दोन्ही हवीत त्याला एकटे 'खाली सरक' मिळाले की मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जाई, आणि ज्यांनी हा देखावा कधी पाहिला आहे त्यांना बिघाड ओळखण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज लागत नसे. मागचे अक्षर खोडण्याच्या कळेचेही तेच. ती दाबली असता कोणी आठव्या क्रमांकाचे चिन्ह पाठवी, कोणी एकशे सत्ताविसाव्या. आणि नेमके नको ते पोहोचले की खोडण्याऐवजी ओळीत टोपीसारखे चिन्ह व 'एच' अशी अक्षरे उमटत जात. अशा ओळीतून वाट काढून पासवर्ड बरोबर टंकणे, हे त्या काळच्या व्यवस्थापकाचे एक कौशल्य मानले जाई.

अक्षरांचे युग सरून चित्रांचे, खिडक्यांचे आणि माउसचे युग आले तेव्हा तहाची कलमे शतपटीने वाढली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत डीईसी व आयबीएम या दोन कंपन्यांच्या सहकार्याने चाललेल्या अथीना प्रकल्पात परस्परांशी न जुळणारी यंत्रे ढिगाने आली होती, आणि त्यांवर एकच चित्रमय व्यवस्था चालावी या निकडीतून बॉब शाइफ्लर व जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टिम रचली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये निघाली आणि तीच आजपावेतो चालू आहे. तिच्यात जोडणीचा जो पहिला बाइट जातो त्यातील मुत्सद्देगिरी पाहण्यासारखी आहे. एखादी मोठी संख्या साठविताना तिचा मोठ्या किमतीचा भाग आधी ठेवावा की लहान किमतीचा, यावरून त्या काळी यंत्रांमध्ये दोन पंथ पडले होते, आणि डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये स्विफ्टच्या कथेतील अंडे फोडणाऱ्या पंथांची नावे त्यांना देऊन या वादाची यथेच्छ चेष्टा केली होती. एक्सने वाद मिटविण्याच्या भरीस न पडता असा ठराव केला की, येणाऱ्याने पहिल्या बाइटमध्येच आपला पंथ एका अक्षराने सांगावा, मोठ्या 'बी' ने अथवा लहान 'एल' ने, आणि पडदा ज्याच्या ताब्यात आहे त्याने निमूटपणे त्याच्या रीतीने वागावे.

एवढे चातुर्य असूनही एक्सची दूरस्थ जोडणी नवख्याला छळीतच राहिली, आणि त्याची कारणे तिच्या उदारपणातच होती. दूरचा कार्यक्रम येथे चित्र पाठवीत नसून 'येथे रेघ ओढ', 'येथे अमुक टंकात अमुक शब्द लिही' असे हुकूम पाठवीत असे. म्हणजे तो टंक येथील यंत्रावर नसला की मजकूर बिघडला. शिवाय जोडणी दूरच्या यंत्राकडून आपल्याकडे येत असल्यामुळे, मध्ये फायरवॉलची चौकी बसली की ती अडे, आणि पडदा उघडता येत नाही एवढेच त्रोटक उत्तर हाती पडे. त्यावर चिडून पुष्कळ जण सर्वांस मुक्त प्रवेश देणारा हुकूम सोडून मोकळे होत, आणि आपल्या पडद्याची सनद साऱ्या जाळ्याला देऊन बसत. या प्रकारास आळा बसला तो हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही गुप्तलेखनाची वाट काढली आणि एक्सची जोडणी तिच्यातून नेता येऊ लागली तेव्हा.

या सर्व इतिहासात माझ्या मते सर्वांत शहाणा तह झाला तो इंग्लंडात, केंब्रिजच्या ट्रंपिंग्टन रस्त्यावरील ऑलिव्हेट्टी संशोधन शाळेत. आणि तो शहाणा अशासाठी की, त्याने परक्या यंत्राकडून जवळजवळ काहीच मागितले नाही. अँडी हॉपर यांच्या या शाळेत ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि केनेथ वुड यांनी जी व्हीएनसी नावाची योजना सिद्ध केली व १९९८ मध्ये लेखाद्वारे जगापुढे मांडली, तिचा सिद्धांत असा की, खिडकी म्हणजे काय, टंक म्हणजे काय, मेनू म्हणजे काय या वादात पडूच नये. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांचा एक आयत, एवढेच उभयपक्षी मान्य करावे. पाहणाऱ्याने बदल मागावा, दाखविणाऱ्याने बदललेले आयत पाठवावेत, आणि उलट दिशेने कळ व माउस यांची वार्ता जावी. पाहण्याची आज्ञावली इतकी आटोपशीर झाली की ती एका फ्लॉपीत मावून तेथूनच चाले, आणि विंडोज, युनिक्स, मॅक असा कोणताही भेद न ठेवता कोणीही कोणाचाही पडदा पाहू शके. तिचा मूलस्रोतही त्यांनी सर्वांस खुला केला. ही शाळा पुढे एटीअँडटीच्या मालकीची झाली आणि २००२ मध्ये बंद पडली, पण तिचा तह जिवंत राहिला, आणि मार्च २०११ मध्ये त्याची रीतसर नोंद इंटरनेटच्या नियमपत्रांत ६१४३ या क्रमांकाने झाली.

त्या तहाचा आरंभ आजही तारेवर कान देणाऱ्यास ऐकू येतो. जोडणी होताच दाखविणारे यंत्र आपली आवृत्ती सांगणारे नेमके बारा बाइट पाठविते, पाहणारे आपली आवृत्ती उत्तरी कळविते, आणि मग पासवर्डची रुजुवात होते. ही रुजुवात मात्र या तहाचे अत्यंत दुबळे कलम होय. पासवर्ड पाठविण्याऐवजी सोळा बाइटांचे एक कोडे त्या पासवर्डने गुप्त करून परत करावयाचे, येथवर ठीक. परंतु त्यासाठी डीईएस ही जुनी रीत घेतल्यामुळे किल्ली आठच अक्षरांची झाली, आणि नवव्या अक्षरापासून पुढे कोणी कितीही चातुर्य दाखविले तरी ते व्यर्थ ठरले. भरीस भर म्हणजे, मूळच्या आज्ञावलीत त्या किल्लीच्या प्रत्येक बाइटातील बिटे उलट्या क्रमाने वाचली जात. केवळ नियमपत्र पुढे ठेवून नवी आज्ञावली लिहिणाऱ्यास बरोबर पासवर्डही चूक का ठरतो हे कळेनासे होई. कारण खरा कायदा कागदावर नसून वहिवाटीत होता. ठिपक्याचा रंग सांगताना तांबडा अंश कोणत्या स्थानी आणि निळा कोणत्या, हे चुकले म्हणजे पडद्यावरील माणसांचे चेहरे निळे दिसत, आणि हा दोष इतका बोलका असे की दुरुस्त करणारास अन्य चौकशी करावी लागत नसे.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग निराळा होता, आणि तोही प्रथम दुसऱ्यानेच घालून दिलेला. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड इयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स कंपनी काढली व एकाच यंत्रावर अनेकांची बैठक बसविण्याची विद्या साधली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती करारान्वये घेतली, आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आरडीपी हा आपला नियम जगात आणला. सभा-संमेलनांसाठी आखलेल्या टी.१२० या आंतरराष्ट्रीय नियममालेवर त्याची उभारणी होती, आणि ३३८९ हा त्याचा दरवाजा पुढे चोरांच्याही तोंडपाठ झाला. २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत ही सोय घरोघर गेली. तहाची कलमे मात्र घरातच राहिली. युनिक्सच्या लोकांनी तारेवरून जाणारे बाइट निरखून, त्यांचा अर्थ लावून, आरडेस्कटॉप ही आज्ञावली रचली, आणि परक्या दरबारात विनापरवाना प्रवेश मिळविला. कलमे प्रसिद्ध झाली ती त्यानंतर काही वर्षांनी.

कळफलकाच्या कलमात व्हीएनसी आणि आरडीपी या दोन पंथांचा भेद जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही, आणि मराठी लिहिणाऱ्यास तर तो पदोपदी जाणवतो. आरडीपी कळेचे स्थान कळविते, तिचा अर्थ कळवीत नाही. अमुक ओळीतील अमुक कळ दाबली गेली एवढेच पलीकडे जाते, आणि तिचे अक्षर कोणते हे दूरचे विंडोज आपल्याकडील कळरचनेवरून ठरविते. जोडणीच्या वेळी येथील आज्ञावलीने कळरचनेचा क्रमांक कळवावयाचा असतो, मराठीचा ११०२ आणि अमेरिकन इंग्रजीचा १०३३. लिनक्सवरील आज्ञावलीने १०३३ कळविला, की येथे इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळरचना चालू असूनही 'क' च्या कळेवर पलीकडे रोमन 'के' उमटतो, आणि वापरणारा फाँटचा दोष समजून भलत्याच दिशेस शोध घेत बसतो. व्हीएनसी याच्या नेमके उलट, कळेचा अर्थ पाठविते. पण अर्थांची जी यादी तिने एक्सकडून उसनी घेतली तीत देवनागरीस स्वतंत्र स्थान नव्हते. युनिकोडच्या क्रमांकात एक ठरावीक मोठी संख्या मिळवून 'क' पाठवावा लागतो, आणि जुन्या सर्व्हरास ती संख्या अनोळखी असली तर कळ दाबूनही काही घडत नाही. मजकूर इकडून उचलून तिकडे चिकटवावा म्हटले तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी. व्हीएनसीच्या मूळ तहात चिकटवावयाचा मजकूर पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ लिपीमालेतीलच असावा असे कलम होते, म्हणून फ्रेंच मजकूर सुखरूप पोहोचे आणि मराठी परिच्छेदाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. युनिकोड नेणारी पुरवणी या तहास नंतर जोडली गेली, परंतु ती दोन्ही टोकांस मान्य असेल तेथेच लागू पडते.

दाबून राहिलेल्या कळेचा प्रकारही येथेच सांगितला पाहिजे. ऑल्ट व टॅब दाबून मनुष्य दूरच्या पडद्यावरून आपल्या पडद्यावर येतो. ऑल्ट खाली गेल्याची वार्ता पलीकडे पोहोचलेली असते, पण ती वर आल्याची वार्ता जवळचे यंत्रच गिळून टाकते. आणि परत गेल्यावर एकेक अक्षर टंकावे तो मेनू उघडू लागतात. यंत्रास भूतबाधा झाली अशी ज्यांची खात्री पटते, त्यांनी ऑल्ट एकवार दाबून सोडावी, म्हणजे उतारा पडतो.

सुरक्षिततेची कलमे पुढच्या काळात कडक होत गेली आणि बिघाडांचे केंद्र तिकडे सरकले. विंडोज व्हिस्टाबरोबर असा नियम आला की, पडदा दाखविण्यापूर्वीच आगंतुकाची ओळख पटवावी. नियम योग्यच होता, परंतु जुन्या आरडेस्कटॉपला तो पाळता येईना, आणि त्याच वंशातून २००९ मध्ये निघालेल्या फ्रीआरडीपीकडे लोक वळले. मार्च २०१८ मध्ये या ओळख पटविण्याच्या रीतीतच एक भगदाड सापडून ते बुजविले गेले, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने असा पवित्रा घेतला की, सुधारलेल्या यंत्राने न सुधारलेल्याशी व्यवहारच करू नये. त्या आठवड्यात जगभर ज्यांची यंत्रे सुधारली होती तेच बाहेर राहिले, आणि घाईने अनेकांनी दूरचा सर्व्हर सुधारण्याऐवजी आपल्याकडील कडी सैल केली. हा उपाय चुकीचा होता. अशी सैल केलेली कडी पुन्हा लावण्याचे पुढे कोणी मनावर घेत नाही, आणि ज्या वाचकांच्या हाती हे काम असेल त्यांनी आपल्या यंत्रावरील ती कडी अजून तशीच सैल आहे काय हे एकवार पाहून घ्यावे.

दरम्यान एक्सच्या वारशावर दावा सांगणारी वेलँड ही व्यवस्था २००८ पासून लिनक्समध्ये रुजत आली आहे, आणि तिच्या कर्त्यांनी दूरस्थ पडद्याचे कलम मूळ तहातच घालण्याचे टाळले. ते काम दुसऱ्या कोणी तरी वेगळे करावे असा त्यांचा पक्ष. ते दुसऱ्यांनी केलेही. लिनक्सवर प्रचलित असलेल्या ग्नोम या व्यवस्थेची ४२ वी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये निघाली तेव्हा तिच्या सेटिंग्जमध्ये पडदा दूरवर दाखविण्याची जी सोय दिली गेली, ती एक्सची नव्हती आणि व्हीएनसीचीही नव्हती. ती मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीची होती.